विद्युतधारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कशी शोधायची: सेल, तार, चुंबकसूची आणि उजवा हात

तारेतून विद्युतधारा वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्याची दिशा उजव्या हाताने काढता येते, हे दहावीच्या पुस्तकातून बहुतेकांना माहीत असते. तरीही सेल आणि होकायंत्र घेऊन पहिल्यांदा प्रयोगाला बसणारा हमखास गोंधळतो, कारण सूची पुस्तकातल्या आकृतीसारखी वळत नाही. कधी ती जेमतेम हलते, कधी उलटी वळते, कधी ढिम्म राहते. नियम मात्र चुकलेला नसतो. त्या जागी तारेचे आणि पृथ्वीचे अशी दोन क्षेत्रे असतात आणि सूची त्यांची बेरीज दाखवते. एकट्या तारेचे क्षेत्र ती कधीच दाखवत नाही. हे लक्षात ठेवून पुढचे प्रयोग केले, तर सूची किती अंश वळेल हे आधी कागदावर काढता येते आणि मग टेबलावर पडताळता येते. दिशा शिकायची ती अशी. नुसता नियम पाठ करून ती हातात बसत नाही.

लागणारे सामान

छोटी होकायंत्रे, साधारण २ सेंटिमीटर व्यासाची, शक्यतो ४. एकच असेल तर ते जागोजागी हलवून काम भागते. टॉर्चमध्ये घालतात ते मोठे, डी आकाराचे १.५ व्होल्टचे २ सेल आणि प्लास्टिकचा सेल होल्डर. एक पुश बटण. १ ओहम, ५ वॅटचा एक सिमेंट रेझिस्टर. प्लास्टिकचे आवरण असलेली १ मीटर साधी तार. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळणारी २४ गेजची एनॅमल तार (रोधक लेप असलेली तांब्याची तार), १०० ग्रॅम. ही सुमारे ४५ मीटर भरते. याशिवाय जाड पुठ्ठा, दोरा, लाकडी पट्टी, पॉलिश पेपर आणि चिकटपट्टी.

रेझिस्टर गाळू नका. १ मीटर तांब्याच्या तारेचा रोध जेमतेम ०.०७ ओहम असतो. ती थेट सेलला जोडणे म्हणजे शॉर्ट सर्किट करणे: सेल तापतो, काही मिनिटांत उतरतो आणि धारा सतत बदलत राहिल्याने सूचीचा कोनही स्थिर राहत नाही. एका सेलला १ ओहमचा रेझिस्टर घातला की धारा सुमारे १ अँपिअरवर राहते, म्हणजे हिशोबालाही सोपी. रेझिस्टरमध्ये साधारण १ वॅट उष्णता तयार होते, म्हणून पाव वॅटचा बारका रेझिस्टर चालत नाही, तो जळतो. लिथियम सेल, दुचाकीची बॅटरी किंवा इन्व्हर्टरची बॅटरी या कामाला वापरू नका. त्यांतून दहापट-शंभरपट धारा वाहू शकते आणि तार क्षणात लाल होते. घरातल्या सॉकेटची वीज तर मुळीच नको. जिवाचा धोका आहेच, शिवाय सूची त्या विजेने वळतही नाही. कारण शेवटी येईल.

आधी सूची तपासा, मग जागा

चुंबकीय क्षेत्राची दिशा म्हणजे त्या जागी सूचीचे उत्तर टोक जिकडे रोखते ती दिशा. त्यामुळे उत्तर टोक कोणते हे ठाऊक नसेल तर पुढचे सगळे उलटे येते. स्वस्त होकायंत्रांची सूची कधीकधी उलटी चुंबकित झालेली असते. मोबाइलच्या स्पीकरजवळ किंवा फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाजवळ ती राहिली तरी असे होते. रंगावर विसंबू नका. सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा, डावा हात उत्तरेकडे येतो. रात्री ध्रुवतारा पाहून खात्री करता येते. महाराष्ट्रातून तो क्षितिजापासून १६ ते २२ अंशांवर दिसतो. जे टोक उत्तरेकडे, ते उत्तर टोक. सूची उलटी निघाली तर टोकाला रंगाचा ठिपका देऊन तशीच वापरा.

आता जागा. धारा न सोडता होकायंत्र टेबलावर इकडून तिकडे सरकवा. सूची सगळीकडे एकमेकींशी समांतर राहिली पाहिजे. दोन जागांमध्ये ५ अंशांहून जास्त फरक पडला तर खाली कुठेतरी लोखंड आहे: टेबलाचे पाय, स्लॅबमधली सळई, खणातली कात्री. जागा बदला. लाकडी किंवा प्लास्टिकचे टेबल, खोलीच्या मध्यभागी, हे सर्वांत बरे. सेलची बाहेरची डबी पोलादी असते आणि क्रोकोडाइल क्लिपाही लोखंडी असतात, म्हणून सेल, क्लिपा आणि मोबाइल सूचीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर ठेवा.

सूचीला उत्तरेकडे वळवणारे पृथ्वीचे आडवे क्षेत्र आपल्याकडे सुमारे ३८ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) आहे. अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळेत ते शतकाहून अधिक काळ मोजले जात आहे. ही वेधशाळा अलिबागला आहे त्याचे कारण आपल्याच विषयातले आहे. आधी चुंबकीय नोंदी मुंबईत कुलाब्याला होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, आणि रुळांतून व जमिनीतून परतणाऱ्या धारेचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या बारीक नोंदी बिघडवेल म्हणून १९०४ मध्ये हे काम खाडीपलीकडे अलिबागला हलवले गेले.

३८ हा आकडा लिहून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी लागेल.

पहिला प्रयोग: सूचीवरून जाणारी सरळ तार

१८२० साली कोपनहेगनमध्ये हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांनी ज्या मांडणीने वीज आणि चुंबकत्वाचे नाते दाखवले, ती हीच.

१. होकायंत्र टेबलावर ठेवून सूची स्थिर होऊ द्या.

२. आवरणाची तार होकायंत्राच्या काचेवर ताणून अशी चिकटवा, की ती बरोबर सूचीच्या वर आणि सूचीला समांतर, म्हणजे दक्षिणोत्तर राहील. दोन्ही बाजूंना किमान १५ सेंटिमीटर तार सरळ असू द्या.

३. तारेचे दक्षिणेकडचे टोक रेझिस्टर आणि बटणातून सेलच्या धन टोकाला जोडा, उत्तरेकडचे टोक ऋण टोकाला. म्हणजे होकायंत्रावरच्या तारेत धारा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहील. कागदाचा बाण कापून तारेवर चिकटवा. आठवणीवर सोडू नका.

४. बटण ३ ते ५ सेकंद दाबा, सूची डोलायची थांबली की कोन वाचा, बटण सोडा.

सूचीचे उत्तर टोक पश्चिमेकडे वळेल. सेलची टोके अदलाबदल करा, ते पूर्वेकडे वळेल. आता तार काढून होकायंत्राच्या खाली टेबलावर चिकटवा. धारा पुन्हा दक्षिणेकडून उत्तरेकडे, पण टोक आता पूर्वेकडे! तारेच्या वर एक दिशा आणि खाली बरोबर उलटी दिशा, यावरूनच समजते की क्षेत्र तारेला वळसा घालून जाते.

किती वळेल? लांब सरळ तारेसाठी एक सोपे सूत्र आहे: मायक्रोटेस्लामधले क्षेत्र = २० × अँपिअर ÷ तारेपासूनचे सेंटिमीटर. १ अँपिअर आणि १ सेंटिमीटर असेल तर २० मायक्रोटेस्ला, तेही पश्चिमेकडे. पृथ्वीचे ३८ उत्तरेकडे. कोनाची स्पर्शज्या (tan) २० ÷ ३८, म्हणून कोन सुमारे २८ अंश. प्रत्यक्षात त्याहून थोडा कमी येतो, कारण सूची वळली की तिची टोके तारेच्या खालून बाजूला सरकतात आणि तारेपासूनचे अंतर वाढते. कोन २२ ते २८ अंशांत असेल तर सगळे ठीक. ५-७ अंशच येत असेल तर धारा कमी आहे, किंवा काच आणि सूची यांत अंतर जास्त आहे. २ सेंटिमीटरवर क्षेत्र १० मायक्रोटेस्ला उरते आणि कोन १५ अंशांवर येतो.

तार दक्षिणोत्तरच का

याचे उत्तर मुद्दाम चुकीची मांडणी करून पाहिल्यावर पक्के कळते. तार होकायंत्रावर पूर्व-पश्चिम ठेवा. धारा पूर्वेकडे सोडा: सूची हलणार नाही. तारेचे क्षेत्र नाहीसे झालेले नसते. खालच्या बाजूला ते उत्तरेकडेच असते आणि पृथ्वीच्या क्षेत्रात मिळून जाते. ३८ आणि २० मिळून ५८ होतात, पण दिशा तीच, म्हणून सूचीला वळायचे काही कारण नाही. धारा पश्चिमेकडे वळवा: आता तारेचे २० दक्षिणेकडे आणि पृथ्वीचे ३८ उत्तरेकडे, शिल्लक १८. सूची अजूनही उत्तरच दाखवते. तिला हलकी टिचकी मारून पाहा, मघापेक्षा ती सावकाश डोलेल. कमकुवत क्षेत्रात सूची सुस्त होते. धारा २ अँपिअरच्या पुढे नेली तर तारेचे क्षेत्र ४० च्या वर जाते, पृथ्वीच्या क्षेत्रावर मात करते आणि सूची एकदम १८० अंशांत फिरते.

«सूची हलली नाही, म्हणून क्षेत्र नाही» हा निष्कर्ष म्हणून चुकीचा. सूची न हलण्याला तीन कारणे असू शकतात: धारा नाही, क्षेत्र फार दुबळे आहे, किंवा क्षेत्र सूचीच्याच रेषेत आहे. तिसरे कारण तपासायला होकायंत्र आणि तार ९० अंशांत फिरवून पुन्हा बघायचे.

उजवा हात: नियम नेमका कसा वापरायचा

उजव्या हाताच्या मुठीत तार धरली आहे अशी कल्पना करा. अंगठा धारेच्या दिशेने. वळलेली बोटे जिकडून जिकडे जातात ती चुंबकीय बलरेषांची दिशा. एवढाच नियम. चुका होतात त्या वापरण्यात.

सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक परीक्षेतली आहे. उजव्या हातात पेन असते, म्हणून मोकळा असलेला डावा हात वर येतो आणि उत्तर उलटे लिहिले जाते. पेन खाली ठेवा. दुसरी चूक बोटांकडे ढोबळपणे बघण्याची. «बोटे गोल फिरतात» हे उत्तर नव्हे. प्रश्नातला बिंदू तारेच्या वर आहे, खाली आहे, पूर्वेला आहे की पश्चिमेला, ते आधी ठरवा आणि बोटे बरोबर त्या बिंदूपाशी असताना त्यांची टोके कुठे रोखतात तेवढेच वाचा. पहिल्या प्रयोगावर करून बघा: अंगठा उत्तरेकडे, मूठ तारेभोवती. तारेच्या खालून जाताना बोटे पश्चिमेकडे जातात.

मूठ वळवताना मनगट अडत असेल तर हीच गोष्ट उघड्या हाताने करता येते. उजव्या हाताची सरळ बोटे धारेच्या दिशेने ठेवा. तळवा बिंदूकडे करा, म्हणजे बोटे दुमडली तर ती बिंदूकडे वळतील. ताठ अंगठा त्या बिंदूपाशी क्षेत्राची दिशा दाखवतो. अकरावी-बारावीत सदिशांचा गुणाकार शिकल्यावर हीच पद्धत तिथे जशीच्या तशी लागू पडते, म्हणून आम्ही नवशिक्यांना ही दुसरी पद्धत आवर्जून शिकायला सांगतो.

धारेची दिशा म्हणजे सेलच्या बाहेर धन टोकाकडून ऋण टोकाकडे. तारेत इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने सरकतात, पण नियम धारेच्या दिशेवर बांधलेला आहे. प्रश्नात «इलेक्ट्रॉनांचा झोत पूर्वेकडे जातो» असे असेल तर अंगठा पश्चिमेकडे करायचा. सेलच्या आत मात्र धारा ऋणाकडून धनाकडे जाते. परिपथ बंद वर्तुळ आहे, कुठेतरी परतावे लागतेच.

कागदावर तार काटकोनात आत-बाहेर जात असेल तर दोन खुणा वापरतात. ⊙ म्हणजे धारा कागदातून आपल्याकडे येते, आणि ⊗ म्हणजे आपल्यापासून दूर कागदात जाते. बाणाचे टोक आणि बाणाची पिसे असे मनात धरले की विसर पडत नाही. ⊙ भोवती बलरेषा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, ⊗ भोवती काट्यांच्या दिशेने.

फ्लेमिंगचे दोन नियम इथे आणू नका. त्यांचा डाव्या हाताचा नियम क्षेत्रात ठेवलेल्या तारेवर बल कुठे लागते ते सांगतो, उजव्या हाताचा नियम हलणाऱ्या तारेत धारा कुठल्या दिशेने निर्माण होते ते सांगतो. धारेने स्वतःभोवती निर्माण केलेल्या क्षेत्राशी दोन्हींचा संबंध नाही.

उभी तार आणि न दिसणारे वर्तुळ

पुस्तकातली आकृती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते: पुठ्ठ्यातून जाणारी उभी तार आणि तिच्याभोवती वर्तुळात मांडलेल्या सूच्या. एका तारेने आणि एका सेलने हे चित्र मिळत नाही. हिशोब करा: १ अँपिअर, ३ सेंटिमीटर, क्षेत्र जेमतेम ७ मायक्रोटेस्ला. समोर पृथ्वीचे ३८. सूच्या १० अंशांनी कुरकुरतात आणि उत्तरच दाखवत राहतात. शाळेत हा प्रयोग फसतो तो इथे.

उपाय असा, की तीच धारा त्याच जागेवरून अनेकदा न्यायची. साधारण ५० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी खोक्याभोवती एनॅमल तारेचे २० वेढे घ्या, सगळे एकाच दिशेने. एका वेढ्याला २ मीटर, म्हणजे ४० मीटर तार. दर १० सेंटिमीटरवर दोऱ्याने बांधून वेटोळे खोक्यातून काढा. वरची बाजू लाकडी पट्टीला बांधून पट्टी दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आडवी ठेवा, म्हणजे चौकट उभी लटकेल. पुठ्ठ्याला कडेपासून मध्यापर्यंत चीर देऊन तो एका उभ्या बाजूत अडकवा, जमिनीशी समांतर आणि चौकटीच्या मध्यउंचीवर. खाली पुस्तकांची चळत द्या. चौकटीचे तोंड पूर्व-पश्चिमेकडे ठेवा, म्हणजे तिची दुसरी उभी बाजू बरोबर दक्षिणेला ५० सेंटिमीटरवर येईल.

या तारेचा स्वतःचा रोध सुमारे २.८ ओहम आहे, म्हणून वेगळा रेझिस्टर नको. २ सेल एकापुढे एक जोडले की पाऊण अँपिअरच्या आसपास धारा मिळते. २० वेढ्यांची मिळून १५ अँपिअर, आणि ३ सेंटिमीटरवर क्षेत्र १००. आता पृथ्वीच्या ३८ समोर हे पुरून उरते. सेलकडे जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्या. जाणारी आणि येणारी धारा शेजारी असली की त्यांची क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि सूचीला त्रास देत नाहीत.

पुठ्ठ्यातून धारा वर जाईल अशी जोडणी करा. अंगठा वर केला की वरून पाहताना बोटे घड्याळाच्या उलट फिरतात. तारेपासून ३ सेंटिमीटरवर चार बाजूंना होकायंत्रे ठेवून बटण दाबा.

पूर्वेकडची सूची उत्तरच दाखवेल, कारण तिथे तारेचे क्षेत्र उत्तरेकडेच आहे. पश्चिमेकडची उलटी फिरून दक्षिण दाखवेल: १०० वजा ३८, शिल्लक ६२ दक्षिणेकडे. तिचे टोक १०-१५ अंशांनी पूर्वेकडे झुकलेले दिसेल, ते चौकटीच्या बाकीच्या तीन बाजूंमुळे. उत्तरेकडची सूची पश्चिमेला वळेल, दक्षिणेकडची पूर्वेला. पण या दोन्ही पूर्ण ९० अंशांत वळणार नाहीत. १०० आणि ३८ यांची बेरीज ६९ अंशांचा कोन देते; चौकटीच्या इतर बाजू धरून उत्तरेकडे ६६ च्या आसपास आणि दक्षिणेकडे ७२ च्या आसपास येईल. हा कोन बरोबर आहे. ९० यावे म्हणून होकायंत्र सरकवत बसू नका. वर्तुळाची स्पर्शिका पाहायची तर सूचीच्या वाचनातून पृथ्वीचा वाटा वजा करावा लागतो.

पश्चिमेकडचे होकायंत्र हळूहळू बाहेर न्या. ७-८ सेंटिमीटरवर तारेचे क्षेत्र ३८ च्या जवळ येते आणि पृथ्वीच्या क्षेत्राला जवळपास खोडून टाकते. सूची तिथे सैल पडते. टिचकी मारली तर बराच वेळ सावकाश डोलत राहते, आणि शेवटी चौकटीच्या इतर बाजूंच्या उरल्यासुरल्या क्षेत्राने पूर्वेकडे कलते. त्याच्याही पुढे गेले की पुन्हा उत्तर. हा सगळा पट्टा वेळ देऊन बघावा. दोन क्षेत्रांची बेरीज इतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

वेटोळे आणि नालकुंतल

तार गोल वळवली की नियम तोच राहतो, हाताची भूमिका फक्त बदलते. बोटे धारेच्या दिशेने वळवा, अंगठा वेटोळ्याच्या आतल्या क्षेत्राची दिशा दाखवेल. अंगठ्याच्या बाजूचे तोंड उत्तर ध्रुव. समोरून बघताना धारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असेल तर ते तोंड उत्तर ध्रुव, काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर दक्षिण.

उरलेल्या एनॅमल तारेचे ४ मीटर घेऊन स्केचपेनच्या रिकाम्या नळीवर १०० वेढे शेजारी शेजारी घ्या. साधारण ६ सेंटिमीटर लांबीचे नालकुंतल होते. याला १ ओहमचा रेझिस्टर आणि १ सेल लावला तर आतले क्षेत्र १६०० मायक्रोटेस्लाच्या घरात जाते, पृथ्वीच्या चाळीसपट. दोन्ही टोकांना होकायंत्र ४-५ सेंटिमीटरवर ठेवून ध्रुव ओळखा: जे टोक सूचीच्या उत्तर टोकाला दूर ढकलते ते नालकुंतलाचा उत्तर ध्रुव. याहून जवळ नेलेत तर दुबळी सूची उलटी चुंबकित होण्याची भीती असते.

इथे लोक चुकतात ते वेढ्यांच्या दिशेत. धारा डाव्या टोकातून शिरते एवढे कळून ध्रुव ठरत नाही. तार नळीच्या पुढच्या बाजूने वर चढते की खाली उतरते, ते बघावे लागते. म्हणून बॅटरी कुठे आहे ते विसरून एकाच वेढ्यावर बोट ठेवा, धन टोकाकडून आलेली धारा त्या वेढ्यात पुढून वर जाते की खाली ते ठरवा आणि मग हात लावा. दुसरा थर घेताना नळीवर उलट दिशेने परत यायचे, पण फिरवण्याची दिशा तीच ठेवायची. परतताना वेढेच उलटे घेतले तर दुसरा थर पहिल्याला खोडतो, आणि २०० वेढे घेऊनही सूची हलत नाही.

आत लोखंडी खिळा घातला तर क्षेत्र कितीतरी वाढते, दिशा बदलत नाही. मात्र धारा बंद केल्यावरही खिळ्यात थोडे चुंबकत्व राहते, त्यामुळे पुढचे वाचन घेण्याआधी तो दूर ठेवा.

मोबाइलने

बऱ्याच मोबाइलमध्ये चुंबकमापक असतो, आणि फायफॉक्ससारख्या मोफत ॲपमध्ये क्षेत्राचे तीन घटक वेगवेगळे दिसतात: स्क्रीनच्या उजवीकडचा, फोनच्या वरच्या टोकाकडचा आणि स्क्रीनमधून बाहेर येणारा. फायदा असा, की इथे पृथ्वीचा वाटा आकड्यांत वजा करता येतो. फोन टेबलावर पक्का ठेवा, धारा बंद असताना तिन्ही आकडे लिहा, धारा चालू करून पुन्हा लिहा, आणि दुसऱ्यातून पहिले वजा करा. उरले ते एकट्या तारेचे क्षेत्र. सूचीला दिसत नसलेला उभा घटकही यात मिळतो. चुंबकमापक फोनच्या मध्यभागी नसतो, बहुधा वरच्या भागात असतो. टाचणी फोनवरून सरकवत आकडे सर्वांत जास्त कुठे उसळतात ते पाहून त्याची जागा शोधा. चुंबक असलेले कव्हर आधी काढा.

काही बिघडले तर या क्रमाने बघा

सूची मुळीच हलत नसेल तर आधी तारेची टोके. एनॅमल दिसायला तांब्यासारखेच असते, पण ते रोधक आहे. पॉलिश पेपरने २ सेंटिमीटर चकचकीत होईपर्यंत घासा. मग सेल: बटण दाबलेले असताना १.५ व्होल्टचा सेल १ व्होल्टच्या खाली जात असेल तर बदला. मग तारेची मांडणी पूर्व-पश्चिम तर नाही ना, ते.

सूची एका ठिकाणी अडकत असेल तर होकायंत्र सपाट नाही, किंवा सूची एका बाजूला झुकून तळाला घासते आहे. पृथ्वीचे क्षेत्र जमिनीत तिरपे शिरते आणि त्याचा तिरपेपणा अक्षांशानुसार बदलतो; दुसऱ्या अक्षांशासाठी तोललेली सूची आपल्याकडे झुकते. काचेवर बोटाने हळू टकटक करत कोन वाचा.

कोन दोन्ही दिशांना सारखा येत नसेल, समजा धारा एकीकडे २५ अंश आणि उलटी केल्यावर १७, तर तार सूचीला समांतर नाही किंवा बरोबर मध्यावर नाही. तार सरळ करा. तरीही फरक राहिला तर जवळच्या लोखंडाचा किंवा सेलच्या डबीचा संशय घ्या.

दिशाच उलटी येत असेल तर क्रमाने तपासा: हात उजवा आहे का, होल्डरमध्ये सेल उलटा बसलेला नाही ना, तार सूचीच्या वर आहे की खाली, आणि सूची उलटी चुंबकित झालेली नाही ना. धारा बंद करून सूची अजूनही उत्तर दाखवते का ते पुन्हा बघा. प्रयोगाच्या सुरुवातीला बरोबर असलेली सूची नालकुंतलाजवळ जाऊन आल्यावर उलटी झालेली असू शकते.

एकाच केबलमधल्या दोन तारांजवळ सूची धरून काही दिसत नसेल तर तेही नियमाप्रमाणेच आहे. एकीतून जाणारी आणि दुसरीतून परतणारी धारा सारखी असते, दिशा विरुद्ध, आणि थोड्या अंतरावरून बेरीज जवळजवळ शून्य. इलेक्ट्रिशियन क्लॅम्प मीटर (तारेला कवेत घेऊन तिच्या क्षेत्रावरून धारा मोजणारे यंत्र) दोन्ही तारांभोवती न लावता एकाच तारेभोवती लावतो ते याच कारणाने. आणि घरातल्या पुरवठ्याची धारा ५० हर्ट्झची, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी. सूची जड असते. पश्चिमेकडे वळायला सुरुवात करण्याआधीच क्षेत्र पूर्वेकडे झालेले असते, म्हणून ती जागेवरच राहते. क्षेत्र तिथे असते, फक्त त्याला एक ठरलेली दिशा नसते.